क्लिप पाठवताय? मागे सही करा!

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात ज्येष्ठ सभासदांच्या वतीने केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



समितीने मला "ज्येष्ठ नागरिक आणि बँकेचे व्यवहार" यावर बोला असं सुचवलं होतं. मी म्हटलं, छत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसून तेच बोललो, आज पंचविशीच्या दिवशी तरी केवायसीचं नाव नको. मग कशावर बोलू? तर या घडीला आपल्या प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये जे आहे त्यावर. मोबाईलवर आपण एकमेकांना गाणी पाठवतो, छोट्या चित्रफिती पाठवतो, ज्याला आपण सगळेच आता "क्लिप" म्हणतो. कोणी छान नाचलंय, कोणी भांड्यांवर तबला वाजवलाय, कुठे जुन्या गाण्याला नवं चित्र जोडलंय. सकाळी सहाला कमळाच्या फुलापासून आपला ग्रुप सुरू होतो आणि रात्री साडेअकराला कोणाच्या तरी कव्वालीवर संपतो. त्यात कचरा आहेच, पण हिरेही आहेत. हिरे कसे ओळखायचे आणि पुढे कसे द्यायचे, एवढंच मला आज बोलायचं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आमच्या वयाची मंडळी म्हणतात, "हे छोट्या छोट्या व्हिडिओंचं खूळ आजचं आहे, आमच्या वेळी असं नव्हतं." मंडळी, सिनेमा जन्माला आला तोच मुळी क्लिप म्हणून! ७ जुलै १८९६ रोजी आपल्या मुंबईत, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने पहिला खेळ केला. एक रुपया तिकीट आणि सहा चित्रफिती. एकेक चित्रफीत जेमतेम पाऊण-एक मिनिटाची. म्हणजे आज नातवंडं जे "रील" बघतात, तेवढीच. ते पाहून आपल्या एका मराठी माणसाच्या डोक्यात किडा शिरला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती लावून तिचं चित्रण केलं. भारतीय माणसाने घेतलेली पहिली क्लिप ती. विषय काय, तर कुस्ती! आजही ग्रुपवर कुस्तीची क्लिप आली की आपले कोल्हापूरचे सभासद लगेच अंगठा दाखवतात, तो वारसा सव्वाशे वर्षांचा आहे.

पुढे दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र" काढायच्या आधी, १९१२ च्या सुमाराला, काय केलं माहीत आहे? वाटाण्याचा दाणा कुंडीत पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. दाण्याचा कोंब, कोंबाचा वेल, सगळं पडद्यावर क्षणात घडताना दिसलं. "अंकुराची वाढ" असं त्याचं नाव. ही छोटीशी चित्रफीत दाखवून त्यांनी सिनेमासाठी भांडवल उभं केलं. बँकवाल्याच्या नजरेने सांगतो, कर्जाच्या अर्जासोबत जोडलेला इतका सुंदर प्रोजेक्ट रिपोर्ट मी नोकरीत एकदाही पाहिला नाही. हातात पैसा नाही, नट नाहीत, स्टुडिओ नाही. कल्पना आणि चिकाटी तेवढी होती. आजही चांगल्या क्लिपची हीच खूण आहे.

आपल्यापैकी बरेचजण गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या चाळींतून इकडे आले. म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने चारकोपला प्लॉट पाडले, लॉटरीत नंबर लागला आणि खाडीच्या वाऱ्यात आपण येऊन पडलो. त्या चाळींतले गणपती आठवा. गल्लीत पांढरा पडदा बांधायचे आणि दोन्ही बाजूंनी लोक बसायचे. मागच्या बाजूने बघणाऱ्याला हीरो डावखुरा दिसायचा! पुढे भाड्याचा व्हीसीआर आला, एका रात्रीत तीन पिक्चर. थिएटरात गेलं तर मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रं आणि माहितीपट लागायचे. तेव्हा आपण त्या वेळात वडा खायला बाहेर जायचो. पण त्याच सरकारी यंत्रणेतून एक अशी गोष्ट निघाली की ती आज माझ्या नातीलाही तोंडपाठ आहे.

१९७४ सालची "एक अनेक और एकता". "एक चिडिया अनेक चिडिया" म्हटलं की लगेच ओळखाल. साताठ मिनिटांची कार्टूनपट्टी. बागेतली मुलं ताईला विचारतात, एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय. मग पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकदम जोर लावून जाळ्यासकट उडतात आणि उंदीर येऊन जाळं कुरतडतात. ही चित्रफीत दिग्दर्शित केली विजया मुळे यांनी, मुंबईत जन्मलेल्या आपल्या मराठी बाई. चित्रं भीमसैन यांची. संगीत वसंत देसाई यांचं, "दो आँखें बारह हाथ" वाले, आपल्या कोकणातले. आणि गाणाऱ्या चिमुकल्या आवाजांत एक होती साधना सरगम, तेव्हा अगदी लहान. शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. दूरदर्शनवर ती इतक्या वेळा लागली की दोन पिढ्यांना पाठ झाली.

आता मला सांगा, ही क्लिप आपल्या ग्रुपवर गेल्या काही वर्षांत किती वेळा फिरली? पुष्कळ वेळा. आणि विजया मुळे हे नाव किती वेळा आलं? मी तरी पाहिलेलं नाही. खाली लिहिलेलं असतं, "बचपन की यादें, जरूर देखें, दस लोगों को भेजें." विजयाबाई ९८ वर्षं जगून २०१९ मध्ये गेल्या. त्यांचं काम घराघरात आहे आणि नाव कुठेच नाही. ही गोष्ट मला खटकते आणि म्हणूनच मी आज हा विषय घेतला.

दुसरं उदाहरण सगळ्यांच्या आवडीचं. १५ ऑगस्ट १९८८. "मिले सुर मेरा तुम्हारा" दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं. माझ्या मते आपल्या देशात झालेला हा सर्वात चांगला म्युझिक व्हिडिओ. सुरुवात पंडित भीमसेन जोशींच्या भैरवीतल्या आलापाने. एकच ओळ भाषा बदलत बदलत, प्रांत बदलत बदलत पुढे जाते. मराठी ओळीच्या वेळी तनुजा दिसतात. शेवटाकडे लताबाई येतात. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पीयूष पांडे यांचे, चित्रण कैलाश सुरेंद्रनाथ यांचं. आणि चाल? आपले अशोक पत्की. "आभाळमाया" आणि "वादळवाट" या मालिकांची शीर्षकगीतं, "राधा ही बावरी" हे ज्यांनी केलं तेच पत्की.

हे गाणं लागलं की तुम्ही एक गोष्ट मुद्दाम बघा. कोणीही फार वेळ पडद्यावर राहत नाही. माहूत येतो, कोळी येतो, शाळकरी मुलं येतात, क्रिकेटपटू येतात, नट येतात आणि सगळे तेवढीच ओळ म्हणून जातात. मोठ्या माणसाला मोठा वाटा आणि छोट्याला छोटा, असं नाही. पुढे वीस वर्षांनी, २००८ च्या सुमारास, "प्लेइंग फॉर चेंज" नावाच्या अमेरिकन मंडळींनी "स्टँड बाय मी" या गाण्याचा व्हिडिओ इंटरनेटवर आणला. अमेरिकेतल्या सांता मोनिकाच्या रस्त्यावर गाणारा रॉजर रिडली सुरुवात करतो. मग वेगवेगळ्या देशांतले रस्त्यावरचे कलाकार कानाला हेडफोन लावून त्याच गाण्यात आपापला सूर आणि ठेका मिसळतात. जग त्यावर खूश झालं. खूश होण्यासारखंच आहे ते, जरूर बघा. पण बघताना लक्षात ठेवा, आपल्याकडे तसंच गाणं १९८८ साली झालं होतं.

मराठीतही असं एक काम झालं. कौशल इनामदार या संगीतकाराला अनुभव आला की मुंबईतल्या खासगी रेडिओवर मराठी गाणी लावत नाहीत. त्याने भांडण केलं नाही. सुरेश भटांची मराठी भाषेवरची कविता घेतली, लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि शंभराहून जास्त नामवंत गायक व तीनशेहून जास्त समूहगायक घेऊन "मराठी अभिमानगीत" केलं. २०१० च्या मराठी भाषा दिनाला ते आलं. आज आपल्या शेजारच्या शाळांतसुद्धा ते वाजतं. वर्गणी काढून केलेलं आहे, म्हणजे आपल्या गणेशोत्सवाच्या जातकुळीतलं!

आता तरुणांकडे वळतो, नाहीतर ते म्हणतील आजोबा दूरदर्शनवरच अडकले.

यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला २३ एप्रिल २००५ रोजी. एकोणीस सेकंदांचा. एक मुलगा प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून सांगतो की यांची सोंड लांब असते. बस्स, एवढंच. त्यानंतर २००६ मध्ये "ओके गो" नावाच्या अमेरिकन बँडचा एक व्हिडिओ जगभर गाजला. चार पोरं आणि जिममधली आठ ट्रेडमिल. चालत्या पट्ट्यांवर ते चौघे एकमेकांना चुकवत, सरकत, उड्या मारत नाचतात. कॅमेरा एका जागी ठेवलेला, आणि मध्ये एकही तुकडा जोडलेला नाही. नाच बसवला होता त्यांतल्याच एका गायकाच्या बहिणीने, तिचं नाव ट्रिश सी. सतरा वेळा प्रयत्न केल्यावर मनासारखा जमला. त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. माझ्या नातवाने तो मला दाखवला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, हा तर आपला दहीहंडीचा सराव झाला! एकाचा पाय चुकला की सगळे खाली." त्याला ते एकदम पटलं. फाळक्यांचा वाटाणा आणि हे ट्रेडमिल यांच्यात ९०-९५ वर्षांचं अंतर आहे, पण जात एकच. हाताशी असलेल्या साध्या वस्तू आणि पुन्हा पुन्हा करून बघायची चिकाटी.

आपल्याकडचंही एक उदाहरण देतो. २०२२ मध्ये "चंद्रमुखी" सिनेमातलं "चंद्रा" हे गाणं सगळीकडे वाजत होतं. त्या वेळी जयेश खरे नावाच्या खेड्यातल्या शाळकरी मुलाची क्लिप आली होती, आठवते का? शाळेतच, ना वाद्य ना माईक, आणि तो असा काही खणखणीत आवाजात "चंद्रा" म्हणतो की ऐकणारा जागचा हलत नाही. ती क्लिप लोकांनी एकमेकांना पाठवत पाठवत अजय-अतुल यांच्यापर्यंत नेली. त्यांनी "महाराष्ट्र शाहीर" या केदार शिंदेंच्या सिनेमात, २०२३ मध्ये, त्याच्याकडून "गाऊ नको किसना" गाऊन घेतलं. म्हणजे पुढे पाठवण्यात केवढी ताकद आहे बघा. कोणीतरी मुलाचं नाव, शाळा सांगून ती पाठवली, म्हणून त्याला शोधता आलं. नाव पुसून गेलं असतं तर "एका गरीब मुलाचा सुरेल आवाज" एवढंच उरलं असतं.

आता दुसरी बाजू. ती सांगताना मला बरं वाटत नाही, पण सांगायला हवी.

कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेसाठी एक छोटी जनजागृतीची फिल्म केली होती. रस्त्यावर मुलं क्रिकेट खेळतायत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि पळतात. आपल्या छातीत धस्स होतं. मग ते दोघं परत येतात, मुलाला सुखरूप खाली उतरवतात आणि एक फलक दाखवतात, की मूल पळवायला क्षणभरही लागत नाही, सावध राहा. चांगल्या हेतूने, चांगली केलेली फिल्म. कोणीतरी तिचा शेवट कापला. मूल परत येतं आणि फलक दिसतो, तेवढाच तुकडा गेला. उरलं काय? मूल पळवणाऱ्यांचा "पुरावा". तो तुकडा "आपल्याच भागातला आहे, सावध राहा, सगळ्यांना पाठवा" असं लिहून २०१८ मध्ये आपल्या देशभर फिरला.

त्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, आपल्या महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलेलं आहे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाईलवरून पसरलेल्या होत्या. त्या दिवशी तिथे आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेकरी पाच माणसं गावात आली होती. जमावाने त्यांना ठेचून मारलं. पाचही जण. कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. मोबाईलवर दोन बाणांची खूण दिसते ना, ती त्याची. आपण वैतागतो, "अरे, एकदम सगळ्यांना का जात नाही?" ती खूण दिसली की राईनपाडा आठवा.

अफवा सुरू करणारे थोडे असतात. ती पुढे नेणारे तुमच्या-माझ्यासारखे असतात, सज्जन, घरातल्या लेकरांची काळजी करणारे. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं नाही आणि कुठून आलं ते विचारलं नाही.

इथे मला माझी बँक आठवते. तुमच्या नावाचा चेक आहे, तुम्हाला तो दुसऱ्याला द्यायचा आहे. तेव्हा काय करायचो आपण? मागे सही करायचो. त्याला आम्ही एन्डॉर्समेंट म्हणतो, शुद्ध मराठीत पृष्ठांकन. १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे, त्याचं ३५ वं कलम सांगतं की ज्याने मागे सही करून चेक पुढे दिला, तो चेक परत आला तर त्याच्यावरही जबाबदारी येते. "मी फक्त पुढे दिला, लिहिला दुसऱ्यानेच" हे त्याला म्हणता येत नाही. मंडळी, ग्रुपवर आपण क्लिप पुढे करतो तेव्हा मागे आपलीच सही असते. "फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड" असं खाली लिहिलं म्हणून सही पुसली जात नाही.

चेक पास करताना आम्ही तारीख बघायचो, आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम जुळते का बघायचो, सही ताडून बघायचो आणि मगच शिक्का मारायचो. क्लिप पाठवण्याआधीही चार-पाच गोष्टी बघायला मिनिटभर पुरतं.

एक. शेवटपर्यंत बघा. स्वतः पूर्ण न पाहिलेली क्लिप पाठवायची नाही. तीस सेकंद बघून "वा!" म्हणून पाठवलेल्या गाण्याच्या शेवटाला कुठल्या तरी तेलाची जाहिरात किंवा शिवी असते, ते आपल्याला नंतर वहिनी सांगतात.

दोन. कोणाचं आहे ते लिहा. गायक, संगीतकार, चित्र कोणाचं, साल कुठलं. माहीत नसेल तर शोधा. यूट्यूबवर मूळ व्हिडिओच्या खाली बहुतेक वेळा सगळी नावं असतात. आणि शक्यतो मूळ ठिकाणची लिंक पाठवा. कोणीतरी उतरवून, स्वतःचा शिक्का मारून परत चढवलेली प्रत नको. आपण बघितल्याची नोंद मूळ कलाकाराकडे जाते, त्यावर त्याची कमाई असते. आपले कितीतरी मराठी कलावंत आज त्यावर घर चालवतात.

तीन. का पाठवलं ते एका ओळीत लिहा. "छान आहे" एवढं पुरत नाही. "दुसऱ्या मिनिटाला पखवाज येतो तो ऐका", "या बाईंचा पदर सावरण्याचा अभिनय बघा", असं काहीतरी. ती एक ओळ लिहायला लागलो की आपोआप दहातल्या आठ क्लिप पाठवाव्याशा वाटत नाहीत. मी करून पाहिलंय.

चार. कोणाला आणि केव्हा, याचा विचार करा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा फोन सकाळी सहाला वाजवू नका. घरात दुःख झालेल्याला विनोद पाठवू नका. आणि दुसऱ्यांच्या मुलांचे नाचाचे व्हिडिओ त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. सोसायटीच्या आवारात काढलेला असला तरी.

पाच, आणि इथे नाइलाजाने बँक येतेच. गाणं बघायला कुठलंही ॲप उतरवावं लागत नाही. "व्हिडिओ पाहण्यासाठी हे इन्स्टॉल करा" असं आलं, किंवा लग्नपत्रिका म्हणून शेवटी एपीके लिहिलेली फाईल आली, तर हात लावू नका. ती फाईल फोनमध्ये शिरली की तुमचे ओटीपी दुसऱ्याला वाचता येतात आणि खातं रिकामं होतं. फसगत झालीच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जेवढ्या लवकर कराल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

झालं. उपदेश संपला.

आता सांगतो, एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या सोसायटीत अशी किती घरं आहेत जिथे आता एक किंवा दोनच माणसं राहतात? मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, नाव सांगत नाही. पत्नी गेल्यापासून एकटेच. मुलगी परदेशात. ते तिला रोज सकाळी सुविचार पाठवायचे आणि ती रोज हात जोडलेलं चित्र पाठवायची. वर्षभर असं चाललं, बोलणं मात्र महिन्यातून एकदा. एके दिवशी त्यांनी सुविचार बंद केला आणि "एक अनेक और एकता" ची लिंक पाठवली. खाली लिहिलं, "तू सहा वर्षांची असताना हे लागलं की ताट घेऊन टीव्हीपुढे बसायचीस आणि आई रागवायची." पाच मिनिटांत फोन आला. पाऊण तास बोलली. आपल्या मुलीला बोलावून तिनेही ते तिला दाखवलं. व्हिडिओ तोच, लाखो लोकांनी पाहिलेला. फक्त खाली एक ओळ होती, ती त्यांच्या घरची होती.

उलट दिशेनेही हे चालायला हवं बरं का. आमची नात मला सध्याची मराठी गाणी दाखवते. जळगावकडच्या संजू राठोडचं "गुलाबी साडी" तिने २०२४ मध्ये मला दाखवलं. मी आधी नाक मुरडलं. मग तिने समजावलं, की आजोबा, ज्या पोरांना मराठी गाणी म्हणजे आजीच्या वेळची वाटायची, ती आता कॉलेजच्या गॅदरिंगला मराठीवर नाचतात. विचार केला, बरोबर आहे. आम्ही पोरं असताना आमचे वडील रेडिओ सिलोनला नावं ठेवायचेच की! तेव्हा आमच्या पिढीने पाठवायचंच तेवढं आणि त्यांनी पाठवलेलं बघायचं नाही, हा व्यवहार एकतर्फी झाला. खातं दोन्ही बाजूंनी चालू पाहिजे.

म्हणून समितीपुढे दोन सूचना ठेवतो. दोन्हीला खर्च जवळजवळ शून्य, खजिनदारांनी घाबरू नये.

पहिली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एक तास सोसायटीच्या ऑफिसात जमू या. तिथे टीव्ही आहेच, त्याला मोबाईल जोडता येतो. दर वेळी पाच घरांनी एकेक चित्रफीत आणायची. मर्यादा सात मिनिटं, म्हणजे "एक चिडिया" बसते एवढी! आणणाऱ्याने आधी उभं राहून सांगायचं, कोणी केली, कधी केली, मला का आवडली. मग सगळ्यांनी मिळून बघायची, आणि बघताना हातात फोन नाही. एका वहीत नोंद ठेवू. वर्षाअखेरीस साठ चांगल्या गोष्टींची यादी तयार होईल, नावागावासकट. आजी आणि नातू यांच्यापैकी कोणाची क्लिप जास्त गाजते तेही कळेल. पडदा गल्लीत बांधायचो, आता ऑफिसात. दोन्ही बाजूंनी बसायला मात्र जागा नाही.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. आपल्या स्वतःच्या क्लिप. या पंचवीस वर्षांत आपल्याकडे गणपती झाले, हळदीकुंकू झालं, भोंडला झाला, कोजागरी झाली, लग्नं, मुंजी, बारशी झाली. सुरुवातीच्या काळात शूटिंगवाला यायचा, डोळ्यांवर दिवा मारायचा आणि महिन्याने कॅसेट द्यायचा. त्या व्हीएचएस कॅसेट आज कुठे आहेत? माळ्यावर, पलंगाच्या पेटीत, जुन्या बेडशीटखाली. आपली मुंबईची हवा दमट, त्यात चारकोप खाडीच्या काठी. कॅसेटच्या पट्टीला बुरशी धरते, पट्टी चिकटते, आणि ती लावायचा व्हीसीआर तर कुणाकडेच उरला नाही. पैसे देऊन त्या पेन ड्राइव्हवर उतरवून देणारे अजून आहेत. आणखी काही वर्षांनी कॅसेटही जाईल आणि ते उतरवणारेही.

तेव्हा प्रत्येकाने घरातल्या कॅसेट बाहेर काढाव्यात. समितीने एकत्र गोळा करून उतरवून घ्याव्यात. आणि उतरवल्यावर काम संपत नाही, इथेच ते सुरू होतं. आपण बसून एकेक दृश्य थांबवत नावं लिहायची. पहिल्या वर्षीची आरती म्हणणारे हे कोण? टाळ कोणाच्या हातात आहे? फुगडी घालणाऱ्या या दोघी कोण? त्यांतले काहीजण आज आपल्यात नाहीत. त्यांना चेहऱ्याने ओळखणारे आम्ही दहा-बारा म्हातारे उरलोय, आणि आमचीही मुदत ठेव कधी पुरी होईल ते त्या वरच्या मॅनेजरला माहीत. (हसू नका, व्याज नको आहे आता, मुद्दल सुखरूप गेलं की पुरे.)

विजया मुळ्यांचं नाव पुसलं गेलं तरी ते कुठे ना कुठे छापलेलं आहे, शोधलं तर सापडतं. आपल्या पहिल्या गणपतीला रात्रभर जागून थर्माकोलचं मखर कापणाऱ्या माणसाचं नाव कुठेच छापलेलं नाही. ते आपण लिहिलं तरच राहील. पन्नासाव्या वर्षी, सुवर्णमहोत्सवाला, आज सतरंजीवर बसलेली ही पोरं ती क्लिप लावतील, तेव्हा खाली नावं असली पाहिजेत. आणि मागे आपली सही.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात वही घेऊन बसणार आहे. कॅसेटवर घराचा नंबर चिकटवून आणा, पोच मिळेल.

 सोसायटीला शतायुषी होण्याच्या शुभेच्छा.  जय हिंद, जय महाराष्ट्र!